एमजीबी रोडस्टर, १९७० : गंजलेल्या सिलपासून विक्रीपर्यंत

१० सप्टेंबर २०२२

गाडी आणली. एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार, १९७० सालची, लाल रंग, तारांची चाकं, पुढे आत बसवलेली काळी जाळी. इंग्लंडमधल्या डिडकॉटजवळच्या एका शेतावरच्या शेडमध्ये २००४ पासून उभी होती. ३,२०० पौंड दिले. इंजिन हाताने फिरतं, जाम झालेलं नाही, या एका गोष्टीवर सौदा केला.

नोंदणीचं कागदपत्र, म्हणजे व्ही५सी, हरवलेलं आहे. नव्या प्रतीसाठीचा व्ही६२ अर्ज भरून २५ पौंडांसह डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, पाठवला. चॅसिस क्रमांक जीएचएन५ ने सुरू होतो आणि त्याच्यापुढे 'यू' नाही. म्हणजे ही अमेरिकेला गेलेली, तिकडून परत आणून स्टिअरिंग उजवीकडे बसवलेली गाडी नव्हे. घेताना हे जरूर बघा, विकताना पहिला प्रश्न हाच येतो.

विकायची हे आजच ठरलेलं आहे. गॅरेज भाड्याचं, करार जून २०२४ अखेरपर्यंत. अंदाजपत्रक सगळं मिळून ९,००० पौंड, मुदत एक वर्ष.

२४ सप्टेंबर २०२२

पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून गाडीभर फिरवला. हे मी घेण्याआधी करायला हवं होतं. डाव्या सिलवर (दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीवर) दाराच्या मागच्या टोकापासून पुढे हातभर चुंबक धरतच नाही. पत्रा नाहीच तिथे, नुसती पुट्टी आणि त्यावर लाल रंग. उजवी बाजू त्या मानाने बरी. पुढच्या दोन्ही पंखांत (मडगार्डमध्ये) चाकामागच्या उभ्या पत्र्याच्या आड चिखल साठलेला. खरवडून काढला तर बादलीभर निघाला आणि त्याच्यासोबत पंखाचा खालचा भागही आला.

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. रोडस्टरला पक्कं छप्परही नाही. गाडी मधोमध वाकू न देण्याचं काम मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलचं आणि मधल्या बोगद्याचं (दोन सीटमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याचं). बाहेरचं सिल, आतला उभा पत्रा आणि खालची कॅसल रेल अशी मिळून ती पेटी बनते. बाहेरून फक्त पहिला पत्रा दिसतो, गंज मात्र तिन्हींत असतो. म्हणून कुणी 'सिल बदललेत' म्हटलं तर किती पत्रे बदलले ते विचारा.

१६ ऑक्टोबर २०२२

सीट, कार्पेट, डॅशबोर्ड, बंपर, दारं, सगळं उतरवलं. प्रत्येक नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर पेनाने नाव आणि सोबत फोटो. पहिल्याच दिवशी आळस करून दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आणि लॅचचे स्क्रू एकाच डब्यात टाकले होते. ते वेगळे करण्यात सबंध संध्याकाळ गेली.

सीटच्या मागच्या सपाट जागेखाली दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या दोन पेट्या. एकीला तळच नाही.

डॅशच्या मागे, मूळ रंग टिकलेला असतो तिथे, लाल नव्हे तर फिकट पिवळा सापडला. पेल प्रिमरोज. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं आहे. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून ते बनवून देतात.

१९ नोव्हेंबर २०२२

सर्टिफिकेट आलं. रंग पेल प्रिमरोज, तारांची चाकं आणि ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारं युनिट) कारखान्यातूनच बसवलेले, इंजिन क्रमांक जुळतो. वाचून फार आनंद झाला. पन्नासएक वर्षांत इतक्या हातांतून गेलेल्या गाडीत तेच इंजिन टिकून आहे. एमजीबीचा कारखाना ज्या ॲबिंग्डनला होता ते माझ्यापासून सात-आठ मैलांवर आहे. १९८० साली तो बंद झाला. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तिथे बनल्या आणि आज सुटा भाग हवा तेव्हा मिळतो तो त्या आकड्यामुळेच. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर दाबलेला संपूर्ण नवा सांगाडाही मिळतो, पण त्याची किंमत माझ्या सगळ्या अंदाजपत्रकाहून जास्त.

ठरवलं, गाडी परत पिवळी करायची.

७ जानेवारी २०२३

डावं सिल कापलं. आतला उभा पत्रा खालून चाळणीसारखा, कॅसल रेल जवळजवळ गेलेली. आधी कुणीतरी जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून कडेने वेल्ड मारला होता. गंज आत कोंडून ठेवण्याचा हा खात्रीचा मार्ग.

वेल्डिंग सुरू करायच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या, पेट्रोलची टाकी उतरवली. तरीही जुन्या डांबरी लेपाने आतून पेट घेतला. ओलं फडकं आणि अग्निशामक हाताशी होते म्हणून निभावलं. आता नियम असा : वेल्ड जिथे येणार तिथून चारही बाजूंना वीतभर लेप खरवडल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च हातात घ्यायचा नाही. आणि काम संपल्यावर अर्धा तास गॅरेज सोडायचं नाही.

२९ जानेवारी २०२३

डाव्या बाजूची पूर्ण पेटी वेल्ड झाली. कॅसल रेल, आतला पत्रा, बाहेरचं सिल. कडांना ८ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून प्लग वेल्ड, आत झिंक प्रायमर. वेल्ड चांगले उतरलेत. खूश आहे.

४ फेब्रुवारी २०२३

दार लावून पाहिलं. बसत नाही.

मागची कड वरच्या बाजूला खांबाला घासते, खालच्या बाजूला ९ मिलिमीटरची फट. बिजागऱ्या सगळ्या बाजूंनी सरकवून झाल्या. दारात दोष नाही. सांगाडा मधे बसलाय आणि मी त्याला तसाच वेल्ड करून ठेवलाय.

दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या. पहिली : दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून चौकट बांधून घेतली नव्हती. उजवं सिल शाबूत आहे, तेवढं पुरेल असं वाटलं. दुसरी : ॲक्सल स्टँड (गाडी उचलून धरणारे टेकू) गाडीच्या दोन टोकांना लावले होते, म्हणजे सिल कापल्यावर मधल्या भागाला आधारच उरला नाही. गाडी सस्पेन्शनवर, रस्त्यावर उभी असते तशी उभी राहायला हवी होती. आणि बाहेरचं सिल वेल्ड करण्याआधी नुसते टाके मारून, दार लावून, फट मोजायला हवी होती. ही सूचना मी वाचलेली होती. दार दर वेळी चढवायचा कंटाळा केला.

५ मार्च २०२३

चार आठवडे याच कामात गेले. बाहेरचं सिल पुन्हा कापलं, आतल्या पत्र्याचे वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवले. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून लॅचच्या खांबापर्यंत, नटाने लांबी कमी-जास्त करता येईल अशी सळई लावली. गाडी चाकांवर घेऊन, खाली फळ्या लावून समतल केली. मग सळईचा नट पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी दार लावून फट पाहत गेलो. वरची फट ५ मिलिमीटर, खालची साडेपाच झाली तेव्हा थांबलो. टाके, मोजणी, टाके, मोजणी. पूर्ण वेल्ड शेवटी, तोही एका जागी सलग नाही, जागा बदलत तुकड्या-तुकड्याने, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही.

नवं सिल ८० पौंडांचं. पण खरा खर्च त्या चार आठवड्यांचा.

वेल्डचे सगळे फोटो ठेवलेत, चुकलेल्या सिलचेही.

२१ मे २०२३

उजवी बाजू बारा दिवसांत झाली. काय करायचं नाही ते आता माहीत होतं. बॅटरीच्या पेट्यांचे तळ, फ्लोअरचे दोन तुकडे आणि दारामागच्या पंखाचा खालचा कोपराही झाला. सिलच्या पोकळीत मेण फवारायचं काम रंगानंतर.

१८ जून २०२३

आता इंजिन. १,७९८ सीसी, बी-सिरीज. काढण्याआधीच कॉम्प्रेशन मोजून ठेवलं होतं : १५५, १५०, ७०, १५० पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, व्हॉल्व्हमधून गळती. सिलिंडर हेड उघडलं तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला.

ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं. जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट सीटना, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडांना, त्या शिशाचं संरक्षण होतं. हेड मशीन शॉपला देऊन कडक सीट बसवून घेतल्या, तडे तपासून घेतले, सगळे व्हॉल्व्ह नवे. सगळे पेट्रोलचे पाइपही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले, कारण सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) आहे आणि जुनं रबर त्यात टिकत नाही.

या गाडीत गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासोबतच वर काढावा लागतो. म्हणून क्लच कितीही चांगला दिसला तरी आत्ताच बदला. रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं आणि ते झिजतंच.

३० जुलै २०२३

ओव्हरड्राइव्ह लागत नव्हता. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर वासावरून कळलं, आधीच्या कुणीतरी दाट गिअर ऑइल भरलंय. एमजीबीच्या या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल जातं. दोन्ही एकच तेल वापरतात. फिल्टर काढून धुतला, नवं तेल घातलं, सोलेनॉइडला (ओव्हरड्राइव्ह चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याला) थेट १२ व्होल्ट देऊन टकटक ऐकली. युनिट उघडायची गरज पडली नाही. नवं घेण्यासाठी मी पैसे बाजूला काढले होते, ते वाचले.

टॅपेटसाठी (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट लावण्यासाठी) नऊची बेरीज लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, असं. फट ०.०१५ इंच, इंजिन थंड असताना.

८ सप्टेंबर २०२३

सांगाडा रंगाला दिला. ४,६०० पौंड ठरले, मुदत सहा आठवडे. माझ्या अंदाजपत्रकात रंगाला २,००० होते. तो आकडा कुठून धरला होता ते आज आठवत नाही, पण लाल गाडी पिवळी करायची तर दारांच्या कडा, बॉनेटखालची जागा, डिकी, सगळं उतरवून रंगवावं लागतं, हे मी मोजलं नव्हतं.

१४ जानेवारी २०२४

सांगाडा मिळाला, सहाऐवजी अठरा आठवड्यांनी. नोव्हेंबरमध्ये बघायला गेलो तेव्हा उजव्या पुढच्या पंखावर पुट्टीची कड रंगातून नकाशासारखी उमटलेली दिसली. प्रायमर पूर्ण सुकण्याआधी वरचा थर दिला गेला होता. बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनी पंख घासून पुन्हा रंगवला, जादा पैसे घेतले नाहीत. माझी चूक एवढीच की कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यानंतर मी येऊन बघणार हे लेखी घेतलं नव्हतं.

रंग मात्र सुंदर उतरलाय. लाल रंगाखाली ही गाडी इतकी वर्षं झाकली गेली होती याचं वाईट वाटलं. रंग बदलल्याचं डीव्हीएलएला कळवून व्ही५सीमध्ये पिवळा करून घेतला.

११ फेब्रुवारी २०२४

ब्रेकच्या सगळ्या नळ्या तांबे-निकेलच्या, मास्टर सिलिंडर नवा, पुढच्या कॅलिपरना नवे सील, मागे नवे शू. तारांच्या चाकांचे हब (चाक ज्यावर चढतं तो दातेरी भाग) झिजलेले होते. तपासायची सोपी रीत : हँडब्रेक ओढून, मागचं चाक हवेत घेऊन पुढे-मागे हलवायचं, 'टक' आवाज आला की दाते गेले. हब आणि चाकं दोन्ही बदलावी लागली. जुन्या चाकावर नवा हब चढवला तर नव्याचेही दाते खातो.

त्याच दिवशी हूड, म्हणजे दुमडतं मऊ छप्पर, बसवायला घेतलं. गॅरेजमध्ये ६ अंश. विनाइल कडक, ताणलं जाईना, तरी जोर लावून मागच्या बटणांची भोकं पाडली. (पुढची भर, ५ मे : ऊन पडताच कापड सैल झालं आणि ताशी ५० मैलांच्या पुढे फडफडतं. मागची दोन भोकं बदलली, बुजवलेल्या खुणा दिसतात. हूड उबदार दिवशीच बसवा.)

१७ मार्च २०२४

दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन सुरू झालं. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर ६० पीएसआय. वायरिंग मी मूळचंच ठेवलंय, फक्त बुलेट कनेक्टर नवे. तारांचे रंग पाठ केले की निम्मं काम होतं : तपकिरी कायम जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून गेलेली इग्निशनची, काळी अर्थची. दिवे मंद वाटले तर आधी काळी तार जिथे सांगाड्याला लागते ती जागा घासून बघा. माझ्याकडे नवा रंगच आड येत होता.

२० एप्रिल २०२४

वीस मिनिटं चालली की गाडी गुदमरते, बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

तीन शनिवार-रविवार दोन एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) उघडण्यात घालवले. जेट, सुया, फ्लोट, दोन्हींचा समतोल, सगळं पुन्हा पुन्हा. पिस्टन किंचित उचलून मिश्रण तपासलं : वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला, म्हणजे बरोबर. तरी बंद पडतेच. पेट्रोलचा पंपही टिकटिक करतोय, पेट्रोल येतंय.

शेवटी प्लगची वायर काढून, गाडी बंद पडल्याच्या क्षणी ठिणगी पाहिली. ठिणगीच नाही. दोष डिस्ट्रिब्युटरमधल्या नव्या कंडेन्सरचा, गरम झाला की निकामी. जुन्या डब्यात पडलेला, गाडीसोबत आलेला कंडेन्सर लावला आणि ४० मैल न थांबता फिरून आलो. ठिणगी पाहायला दोन मिनिटं लागतात, ती पहिल्या दिवशी पाहिली असती तर सहा दिवस वाचले असते. एसयू साधं यंत्र आहे, त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी घ्या.

१२ मे २०२४

चाळीस वर्षांहून जुनी आणि मोठे बदल न केलेली गाडी २०१८ पासून एमओटीतून, म्हणजे दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून, मोकळी आहे, रोड टॅक्सही शून्य. तरीही एमओटी करून घेतली. कमाल शुल्क ५४.८५ पौंड. पहिल्या वेळी नापास : हँडब्रेक डाव्या चाकाला कमी लागत होता आणि स्टिअरिंगच्या एका सांध्याचं रबर फाटलेलं. नवं रबर, आणि तेही फाटलेलं! मी बसवतानाच पकडीत आलं असणार. तीन दिवसांनी पास. माझ्या नजरेतून सुटलेल्या या दोन गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना दिसल्या, म्हणून सूट असली तरी रस्त्यावर काढण्याआधी तपासणी करून घ्या.

२६ मे २०२४

विक्री. एका व्यापाऱ्याने ९,००० सांगितले. लिलावात विकणाऱ्याकडून कमिशन जातं आणि घेणाऱ्यालाही वर प्रीमियम द्यावा लागतो, तो धरूनच तो बोली लावतो. म्हणून स्वतःच विकायचं ठरवलं.

पहिली जाहिरात फसली. 'संपूर्ण रिस्टोअर केलेली' असं लिहिलं, उन्हातले बारा सुंदर फोटो लावले, १४,५०० मागितले. पाच जण आले, पाचही जण खिशात लोहचुंबक घेऊन. प्रत्येकाला वाटत होतं की या रंगाखाली काहीतरी लपलंय. त्यांचं चुकलं नाही, मी स्वतः तसंच काहीतरी विकत घेतलं होतं.

२ जून २०२४

जाहिरात नव्याने लिहिली. पहिला फोटो कापलेल्या डाव्या सिलचा. दुसरा, चुकीच्या वेल्डनंतर खांबाला घासणाऱ्या दाराचा. मग दुरुस्तीचे, मग सर्टिफिकेट, पावत्यांची फाइल आणि या नोंदी. दोष वेगळे लिहिले : हूडच्या खुणा, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर बिनआवाज जुळवणारा भाग) थंडीत किंचित कुरकुरतो, उजव्या सीटची चौकट जुनीच. किंमत १३,५००. तीन दिवसांत दोन फोन आले, दोघांनीही सगळं वाचलं होतं.

१५ जून २०२४

गाडी विकली, १३,२५० पौंडांना. घेणाऱ्या बाई आल्या त्या थेट डाव्या दाराकडे गेल्या. खिशातून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढलं, वर आणि खाली फट मोजली, मग दार चार वेळा उघडून-लावून पाहिलं. इंजिनाकडे त्यानंतर वळल्या.

खासगी विक्रीत गाडी वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ही जबाबदारी विकणाऱ्यावर असते. म्हणून दोषांची यादी पावतीवरच लिहून दोघांनी सह्या केल्या. पैसे बँकेत जमा झालेले डोळ्यांनी पाहून मगच किल्ल्या दिल्या. डीव्हीएलएला मालकबदल तिथेच ऑनलाइन कळवला, व्ही५सीची नव्या मालकाची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. टॅक्स शून्य असला तरी तो गाडीसोबत जात नाही, नव्या मालकाला स्वतःच्या नावे करावाच लागतो. हे त्यांना माहीत नव्हतं, निघण्याआधी फोनवरच करून घेतला.

हिशोब : गाडी ३,२००, पत्रे आणि वेल्डिंगचं सामान २,६४०, इंजिन आणि क्लच १,३९०, गिअरबॉक्स ३१०, ब्रेक आणि सस्पेन्शन ८७०, चाकं, हब, टायर १,२६०, रंग ४,६००, सीट-कार्पेट-हूड १,४८०, वायरिंग ३४०, कागदपत्रं आणि किरकोळ ४१०. एकूण १६,५००. म्हणजे ३,२५० पौंड पदरचे गेले, गॅरेजचं भाडं वेगळं. वहीतले तास ६४०. नफ्यासाठी करणार असाल तर ज्यांचे सिल शाबूत आहेत अशीच गाडी घ्या, भले दोन हजार जास्त द्या.

२२ सप्टेंबर २०२४

बाई गाडी घेऊन आल्या होत्या. तीन महिन्यांत ९०० मैल झालेत. टॅपेट पुन्हा तपासायचे होते, ते दोघांनी मिळून केले. तिसऱ्याचा एक्झॉस्ट ०.०१३ वर आला होता, परत ०.०१५ केला. निघण्याआधी डाव्या दाराची फट मोजली. वर ५, खाली साडेपाच.